आभाळ तपासणारा माणूस

माझे बाबा राईस मिलमध्ये पोती उचलायचे. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या पापण्यांवर, भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर कोंड्याची पिवळट धूळ बसलेली असायची. आई तांब्या घेऊन दारातच उभी राहायची आणि बाबा डोळे मिटून ओंजळ पुढे करायचे. लहान असताना मला वाटायचं, सगळ्यांचेच बाबा रोज संध्याकाळी म्हातारे होऊन येतात आणि तोंड धुतलं की पुन्हा तरुण होतात.

आमचं घर करडीला, दोन खोल्यांचं. रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत आई दुसऱ्यांच्या बांधीत दिवसभर वाकलेली असायची आणि रात्री सरळ झोपता येत नाही म्हणून कुशीवर झोपायची. पुस्तकं ठेवायला घरात एकच कोरडी जागा होती, तांदळाचा डबा. बारावीच्या जीवशास्त्राचं पुस्तक उघडलं की पानांतून दाणे गळायचे. आई ते वेचून परत डब्यात टाकायची.

मी बी.एस्सी. झाले. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. विहारात माझा सत्कार झाला, मिळालेली शाल बाबा पुढे दोन हिवाळे पांघरून मिलमध्ये गेले. हे मी मिरवून सांगते. मिरवण्यासारखं आमच्याकडे फार नव्हतं, जे होतं ते सांगायला लाज कशाची?

पदवीनंतर दोन वर्षं शिकवण्या घेतल्या. मग एका संस्थेत काम लागलं. आमच्या भागातल्या तलावांवर हिवाळ्यात येणारी बदकं मोजायची. मला एक तलाव दिला, एक सायकल दिली आणि आधीच्या तीन जणांनी वापरलेला एक कॅमेरा दिला. बदकं पाण्यावर असली की एकमेकांआड लपतात, म्हणून थवा उडाला की त्याचा फोटो घ्यायचा आणि घरी बसून फोटोत टिंबं देत मोजायचं, अशी पद्धत होती. कॅमेरा हातात देताना साहेबांनी सांगितलं की आधी भंडाऱ्याला जाऊन हा साफ करून घ्या, आणि तिथल्या माणसासमोर फुंकर मारू नका.

तो माणूस मला असा भेटला. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा होऊन तेव्हा दहा-बारा वर्षं झाली असतील.

त्यांचं दुकान भांड्यांच्या गल्लीत होतं. दिवसभर पितळेवर हातोडी पडत असायची, त्या आवाजाच्या अगदी मध्ये. दारावर ओलं गोणपाट टांगलेलं. आत पाय ठेवला की फरशी ओली, डोक्यावर पंखा नाही, आणि बाहेरचा ठोक एकाएकी लांब गेल्यासारखा वाटायचा, कुणी पाण्याखालून भांडी ठोकत असावं तसा. समोरच्या भिंतीवर फोटोच फोटो होते, पण त्यात माणूस एकही नव्हता. सगळी आभाळं. निळी, राखाडी, दुधाळ, तांबूस. वहीच्या पानाएवढ्या आभाळांचे तुकडे एकाला एक लावून खालपासून छतापर्यंत चिकटवलेले, आणि प्रत्येकावर काळपट ठिपके. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. पावलं ओली झाली तेव्हा कळलं.

कॅमेऱ्याच्या पोटात, आरशामागे, पोस्टाच्या तिकिटाएवढी एक काच असते. तिला सेन्सर म्हणतात. लेन्सवर बोटभर धूळ असली तरी फोटोत दिसायची नाही, पण या काचेवर डोळ्याला न दिसणारा कण बसला तरी तो प्रत्येक फोटोत उतरतो. तो कण काढणं हा त्यांचा धंदा. बाजारात त्यांना ‘धूळवाले काका’ म्हणत.

गिऱ्हाईक आलं की ते आधी त्याला गल्लीच्या टोकाला पाठवायचे, आभाळाचा फोटो काढून आणायला. लेन्सचं छिद्र अगदी बारीक करायला सांगायचे, म्हणजे ठिपके उठून दिसतात. मग त्या फोटोसमोर बसून कण ओळखायचे. हा तुरीच्या भुशाचा. हा वीटभट्टीचा. हा चमकते, म्हणजे पितळेचा, तू माह्याच गल्लीत लेन्स काढली. माझ्या कॅमेऱ्याचं आभाळ पाहून म्हणाले, “मॅडम, तुमच्या घरी कोणी राईस मिलमंदी हाय का?” मी हो म्हटलं. त्यांनी मान हलवली. मला उगाच घरी कुणी येऊन गेल्यासारखं वाटलं.

साफ करण्याआधी ते अंघोळ करायचे. दर वेळी. दिवसात चार कॅमेरे आले तर चार अंघोळी. मग उघड्या अंगावर प्लास्टिकचा रेनकोट चढवायचे, कारण सुती कपड्यातून तंतू उडतात, आणि ओल्या न्हाणीत पाटावर बसायचे, कारण ओल्या जागी धूळ खाली बसते. मे महिन्यात, भंडाऱ्याच्या उन्हात, रेनकोट. गल्लीतले ऑटोवाले गोणपाट बाजूला करून विचारत, “काका, आज किती पाऊस?” काका आतून उत्तर द्यायचे, “तुह्या गाडीपुरता हाय, धुऊन घेजो.”

एकदा लाखनीचा एक लग्नाचे फोटो काढणारा आला होता, घाईत. त्याने वाटेत स्वतःच कॅमेऱ्यात फुंकर मारली होती. काकांनी काच भिंगाखाली धरली आणि त्याला बाकावर बसवून ठेवलं. वऱ्हाड निघालं असेल म्हणून तो तळमळत होता, काका हलेनात. थुंकी वाळल्याशिवाय हात लावता येत नाही म्हणाले. शेवटी साफ करून दिल्यावर हळूच म्हणाले, “डाळीत लसूण जास्त पडला होता आज.” तो बिचारा घरी जाऊन बायकोला काय बोलला असेल!

धानाच्या मळणीच्या दिवसांत वारा शेताकडून असला की ते दुकान उघडतच नसत. दाराबाहेर खुर्ची टाकून वर पाहत बसायचे. मी विचारलं, काय पाहता? तर म्हणाले, पाहत नाही, वाट पाहून राहिलो.

हळूहळू मी मॅडमची बाई झाले. आमच्याकडे घरातल्या पोरीला बाई म्हणतात. शनिवारी भंडाऱ्याला आले की शेवटच्या एसटीपर्यंतचा वेळ मी त्यांच्या दुकानात घालवायची. त्यांनी मला न्हाणीच्या दारातून सगळं पाहू दिलं. बॅटरी पूर्ण भरलेली हवी, नाहीतर मध्येच आरसा पडतो. आधी रबरी फुग्याची हवा, मग मऊ पट्टीवर दोन थेंब, मग एका बाजूने दुसऱ्या बाजूला एकच सरळ ओढ, परत मागे यायचं नाही. एक गोष्ट मला फार आवडली. काचेवर चित्र उलटं पडतं, म्हणून फोटोत जो ठिपका वर दिसतो तो काचेच्या खालच्या कडेला असतो. काका म्हणायचे, आभाळातला डाग खाली शोधाचा. रोज शाळेत शिकवावं तितक्या सहज म्हणायचे.

माझ्या हनुवटीवर चुलीच्या निखाऱ्याचा एक जुना डाग आहे. त्या डिसेंबरात आईच्या मनात माझ्या लग्नाचं आलं आणि फोटो हवा झाला. तेवढा डाग फोटोतून पुसून देता का, असं मी काकांना विचारलं. तोवर कळलं होतं की ते पूर्वी स्टुडिओत होते, फिल्मच्या काळात, आणि निगेटिव्हवर पेन्सिलीने चेहरे साफ करण्यात त्यांच्यासारखा हात नव्हता. देवीचे व्रण, मस, काळी वर्तुळं, सगळं जायचं.

ते नाही म्हणाले. मग कारण सांगितलं, एकदाच.

लाखनीकडची एक मुलगी होती. गालावर पांढरा चट्टा. बापाने सांगितलं म्हणून यांनी तो काढला, इतका सफाईने की बाप स्वतः फोटोकडे पाहत राहिला. फोटोवरून लग्न जुळलं. त्या काळी, त्या घरांत, मुलगी आधी नीट दाखवायची पद्धत नव्हती. लग्नाचे फोटो काढायलाही हेच गेले. मांडवात नवरदेवाकडच्या बायकांनी पदर सारून पाहिलं आणि वरात आली तशी फिरली. मंडप रिकामा झाला. मुलगी उठून सरळ यांच्याकडे आली. रडत नव्हती म्हणे.

“काका, माह्या गालावरचं काढाच्या आधी मले इचारलं होतं का?”

काका म्हणाले, त्या दिवसापासून पेन्सिल धरली नाही. चेहऱ्याचा फोटोच काढला नाही. भिंतीवरच्या आभाळांकडे पाहत ते म्हणाले, “काचेवरचं काढतो. थे कोनाचं नसते.”

माझा फोटो डागासकट एका मुलाकडे गेला. त्या मुलाकडून नकार आला, त्याचं मला काही वाटलं नाही. मला तेव्हा बदकांचं वेड लागलं होतं.

पहाटे धुकं असताना मी तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, जाऊन बसायची. पाणी दिसायचं नाही, नुसती कुजबुज ऐकू यायची, बाजार भरायच्या आधी बायका बोलतात तशी. मग ऊन चढायचं, धुकं वरून विरायला लागायचं, आणि काहीतरी ठरल्यासारखा सगळा थवा एकदम उठायचा. मी छिद्र बारीक करून फोटो घ्यायची, म्हणजे जवळचं-लांबचं सगळं स्पष्ट येतं, असं एका जुन्या निरीक्षकाने सांगितलं होतं. पारीवरच लेन्स बदलायची. वारा असायचा, शेजारी मळणी चालू असायची.

संस्थेचा एक नियम होता. कादंब म्हणतात त्या जातीची पन्नास किंवा जास्त बदकं एका तलावावर नोंदली गेली की तो तलाव जपायच्या यादीत येणार आणि तिथला निरीक्षक पुढचं वर्षभर कामावर राहणार. पन्नासच्या खाली असेल तर मार्चमध्ये काम संपणार. जानेवारीच्या शेवटी मला पूर्ण थवा एका फोटोत सापडला. मी मोजले. बावन्न. चार वेळा मोजले. बावन्न.

त्यातले तीन थव्याच्या बरेच मागे होते, तिरप्या ओळीत, पुसटसे. आधीच्या फोटोंतही ते तिघं मागेच दिसायचे. मी वहीत लिहूनही ठेवलं होतं, तीन पक्षी नेहमी मागे राहतात. का कोण जाणे, त्या तिघांवर माझा जीव जडला होता. मला ते आमच्या घरासारखे वाटायचे. आई, बाबा, मी. सगळे पुढे निघून गेल्यावरही उडत राहणारे.

साहेबांना फोनवर आकडा सांगितला. ते खूश झाले, लेखी तक्ता सोमवारी द्या म्हणाले. घरी सांगितलं. बाबांनी मिलमधल्या चौघांना सांगितलं की पोरगी वर्षभरासाठी लागली. शनिवारी मी फोटो छापून घेऊन काकांकडे गेले, नुसता दाखवायला.

त्यांनी तो घेतला आणि बदकांकडे पाहिलंच नाही. कधीच पाहत नसत. त्यांचे डोळे सरळ आभाळावर गेले आणि त्या तिघांवर थांबले.

“आनखी हायेत का याच्यातले?”

पिशवीत आधीचे चार फोटो होते. त्यांनी ते एकावर एक ठेवले, कडा जुळवल्या आणि खिडकीच्या उजेडात धरले. पाच थवे एकमेकांत मिसळून नुसता धुरळा झाला. ते तिघं मात्र एकाच जागी, एकावर एक, आणखी गडद झालेले.

“बाई, हे तिघं रोज इथंच उडतेत का वं?”

मला समजलं. तरी मी फोटोकडे पाहत राहिले. बाहेर पितळेवर ठोक चालू होता. मी म्हटलं, तीनच तर आहेत काका. कुणाला काय कळणार? थवा काही तेवढाच नसतो, एखादं बदक फोटोत येतही नाही.

ते रागावले नाहीत. कॅमेरा काढून घेतला, अंघोळीला गेले, रेनकोट घालून आले. साफ करून झाल्यावर मला पुन्हा गल्लीच्या टोकाला पाठवलं. नवीन आभाळ कोरं होतं. तिघं नव्हते. मला खरोखर कुणी गेल्यासारखं रडू आलं. काकांनी पाण्याचा लोटा पुढे केला.

“मी काचेवरचे काढले. कागदावरचे काढाचे का ठेवाचे, थे तुनं पाह्याचं. मी नाही सांगत.”

एसटीत मी सगळे फोटो पुन्हा पुन्हा मोजले. एखादं सुटलेलं बदक सापडावं म्हणून डोळे फोडले. एकोणपन्नास. सोमवारी मी तेच लिहिलं. साहेबांचा फोन आला, तुम्ही बावन्न म्हणाला होतात. मी म्हटलं, तीन धूळ होती सर. ते म्हणाले, एका बदकानं जातंय तुमचं काम, दुसऱ्या एखाद्या फोटोत मिळतंय का बघा. मी बघितलं होतं.

मार्चमध्ये काम संपलं. आई आठ दिवस माझ्याशी नीट बोलली नाही आणि नंतर बोलली ती असं: “थे पाखरं येऊन सांगनार होते का साहेबाले, आम्ही नव्हतो म्हून?” बाबांनी मिलमध्ये चौघांना काय सांगितलं ते मला माहीत नाही. मी पुन्हा शिकवण्या धरल्या.

काकांवर मला राग होता, हे कबूल करते. महिनाभर गेले नाही. नंतर एका दुपारी गेले तर न्हाणीचं दार उघडं होतं आणि ते रेनकोटमध्ये तसेच बसलेले, मांडीवर कुणाचा तरी कॅमेरा. चौथ्यांदा साफ केला म्हणाले, डाग जात नाही. त्यांनी आभाळाचा फोटो दाखवला. मला तो कोरा दिसला. ते बोट ठेवून दाखवू लागले, इथं, हे काय, दिसत नाही का तुले? मी गल्लीत जाऊन नवीन फोटो काढून आणला. तोही कोरा. त्यांना त्यातही डाग दिसला. मग त्यांनी मान वर करून भिंतीकडे पाहिलं आणि एका आभाळावरून दुसऱ्या आभाळावर नजर नेत गेले. डाग नजरेबरोबर सरकत असणार. त्यांचा चेहरा मी पाहत होते.

सांगायला मलाच लागलं. मी म्हटलं, “काका, काच साफ आहे. डाग डोळ्यात आहे.”

त्यांनी रेनकोटची बटणं एकेक करून काढली. घडी घातली. बरं केलं सांगितलं, एवढं म्हणाले.

डोळ्याच्या डॉक्टरकडे मी त्यांच्यासोबत गेले. डॉक्टर म्हणाले, वयानं डोळ्यात असे कण तरंगतात, नजर जात नाही, पण हे काढत नसतात, सवय होते. परत येताना एसटीत काका खिडकीतून बाहेर पाहत होते. एक डोळा मिटून, मग दुसरा मिटून. लहान पोरासारखे. वैनगंगेच्या पुलावर बस आली तेव्हा म्हणाले, “हा डाग कादंबासारखा दिसते वं. पान्यावर ठेवला तं पव्हते.” तेव्हा मला कळलं की माझ्या फोटोंतली बदकं त्यांनी पाहिली होती.

त्यांनी धंदा बंद केला. रोज अंघोळ मात्र चार वेळा करायचे.

नोव्हेंबरात संस्थेचं पत्र आलं. त्याच तलावावर पुन्हा बोलावलं होतं. का बोलावलं ते त्यांनी लिहिलं नव्हतं आणि मीही विचारलं नाही. कॅमेरा तोच होता. मी तो घेऊन काकांकडे गेले आणि साफ करून द्या म्हटलं. त्यांनी खुंटीवरचा रेनकोट काढून माझ्या हातात दिला.

न्हाणीत मी बसले. काका बाहेर पाटावर, पाठ करून. त्यांनी एकदाही वळून पाहिलं नाही, फक्त विचारत होते. बॅटरी भरली का? हो. हवा मारली? हो. थेंब किती? दोन. मी पट्टी काचेच्या कडेला टेकवली. काका म्हणाले, थांब, श्वास सोड, मग ओढ. मी ओढली. एकदाच. मागे आले नाही.

गल्लीच्या टोकाला जाऊन मी आभाळाचा फोटो काढला, छापला आणि त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो घेतलाच नाही. म्हणाले, माह्या डोयात एक हायेच, माह्यावर नोको जाऊ, तूच सांग. मी वरपासून खालपर्यंत, डावीकडून उजवीकडे पाहिलं. किती शांत होतं ते आभाळ. मी म्हटलं, कोरं आहे. ते म्हणाले, मग लाव भिंतीवर.

त्या हिवाळ्यात लेन्स मी पारीवर बदलली नाही. दर रविवारी कॅमेरा उघडून पाहिला. थवा पूर्ण फोटोत आला तो जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, ऊन वर आल्यावर. पाच फोटो घेतले. पाचही एकावर एक ठेवून उजेडात धरले. एकाच जागी राहणारं काही नव्हतं, सगळे उडत होते.

मी मोजले. एक्कावन्न भरले. तक्त्यावर एक्कावन्न लिहून सही केली. तलाव त्या वर्षी यादीत आला.